फोटोत नाही, म्हणजे वर्गात नाही

फेब्रुवारी अर्ध्यावर आला की आमच्या घरामागच्या शाळेतले बाक मैदानात येतात. नांदेडात आम्ही राहतो त्या घराच्या गच्चीवरून ते मैदान पूर्ण दिसतं. शिपाई आणि दोन-चार दांडगी मुलं बाक ओढत आणतात, त्यांचे लोखंडी पाय फरशीवर घासल्याचा आवाज येतो, आणि न बघताच मला कळतं की निरोप समारंभाचे दिवस आले, आता फोटो निघणार. आधी खुर्च्यांची ओळ लागते. खुर्च्यांवर बसणारी माणसं सगळ्यात शेवटी येतात. तोवर मुलं उन्हात उभी. एक मास्तर ओळीपुढून फिरत कुणाची मान सरळ कर, कुणाचे केस मागं सार, कुणाला खांद्याला धरून दुसऱ्या टोकाला ने, असं करत असतात. भाजीवाली वांगी रचते तसं. मुलांना कुणी काही विचारत नाही.

मी कपडे वाळत घालायचं सोडून बघत बसते आणि माझं डोकं तापायला लागतं. आमचे हे खालून म्हणतात, "फोटो त्यांचा आणि रक्तदाब तुझा." म्हणू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

लोकांना असले फोटो फार आवडतात, जुने असले तर विचारूच नका. मोबाईलवर कुणीतरी कुठल्या तरी शाळेचा काळा-पांढरा फोटो टाकतं, खाली माणसं हळहळतात. काय ती शिस्त! काय ती मुलं, एकसुद्धा हललेलं नाही! किती साधेपणा, पायात चप्पल नाही पण चेहऱ्यावर तेज! मला वाटतं, या माणसांना कानाला धरून फेब्रुवारीतल्या उन्हात अनवाणी उभं करावं आणि अर्ध्या तासानं विचारावं, तेज आलं का. ती मुलं हसत नाहीत ती शिस्तीनं नव्हे. ऊन डोळ्यावर असतं, तोंडाला कोरड पडलेली असते आणि समोर काळ्या फडक्यात डोकं घातलेला माणूस 'हलू नका' म्हणून ओरडत असतो. त्यात कौतुक करण्यासारखं काय आहे ते मला आजवर समजलेलं नाही.

माझा स्वतःचा असा एक फोटो आहे. सातवीचा. गाव औशाहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर, शाळा सातवीपर्यंतच. लातूर जिल्हा नवा नवा झालेला, आणि पावसानं मात्र पाठ फिरवलेली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्या साली आमच्या गावात दोनच गोष्टींची चर्चा असायची, पाणी आणि जिल्हा. जिल्ह्यामुळे पेंटरला दिवस बरे आले होते. ग्रामपंचायत, सोसायटी, दवाखाना, जिथं जिथं 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं होतं तिथं पांढरा पट्टा मारून वर 'जि. लातूर' उमटत होतं. रंग नवा, अक्षर ठळक, आणि त्याच भिंतीला टेकून बायका रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या.

टँकर यायचा तो थेट कुणाला पाणी द्यायचा नाही. तो गावच्या विहिरीत ओतायचा. आणि मग ज्याच्या हाती दोर त्याचं पाणी. आमचं घर भीमनगरात, विहिरीपासून सगळ्यात लांब. विहिरीवर आमचा नंबर कधी लागायचा हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. तळ दिसायला लागल्यावर पोहऱ्यात पाणी कमी आणि गाळ जास्त यायचा. तो आम्ही घरी आणून लुगड्याच्या तुकड्यातून गाळायचो. त्या पाण्याची चव मला अजून आठवते. मातीची, शेवाळाची, आणि थोडीशी टँकरच्या डिझेलची.

आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, दोघंही रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलाव खणायला. उजाडायच्या आत निघायची. त्यामुळे पाणी अक्काच्या वाट्याला आलं. अक्का म्हणजे सुमन, माझी थोरली बहीण. आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. मी तान्ही असताना मला सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं, म्हणून तिचं नाव शाळेत उशिरा पडलं. त्याबद्दल तिनं मला कधी टोमणा मारला नाही. उलट गणितं तीच सांगायची. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. काळ, काम, वेग तिला तोंडी यायचं. आता वाटतं, येणारच. दिवसभर ती दुसरं काय करत होती!

त्या साली हेडमास्तरांनी फोटोचा घाट घातला. आम्ही त्यांना मोठे गुरुजी म्हणायचो. नव्या जिल्ह्याच्या नव्या कार्यालयात शाळेचा फोटो लागला पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पाटीवर 'इयत्ता सातवी, जि. लातूर' असं लिहून घेतलं. रंग ओला म्हणून दोन दिवस पाटी कुणाला हात लावू दिली नाही. फोटोग्राफर औशाचे खाजाभाई. तीन पायांची घोडी, मोठा डबा कॅमेरा, काळं फडकं. गावात सर्कस आल्यासारखी आमची अवस्था झाली होती. कुणाच्याच घरात कुणाचा फोटो नव्हता. आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा असे दोन फोटो, त्यापलीकडे आपलाही फोटो निघू शकतो हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

अक्काला त्या फोटोचं किती होतं ते मी बघितलंय. कपडे धुवायला पाणी कुठलं? तर तिनं माझा आणि तिचा परकर-पोलका रात्री उशाखाली घडी घालून ठेवला. गाळ खाली बसवून वरचं निवळ पाणी वाटीभर काढलं आणि त्यात फडकं बुडवून दोघींची तोंडं, माना आणि कोपरं पुसली. तेल लावून वेण्या घातल्या. लाल रिबीन एकच होती. ती मधोमध फाडून अर्धी मला बांधली आणि अर्धी स्वतःला. मला म्हणाली, "आपुन दोघी शेजारी बसू. मंजी घरी फोटो एकच घेतला तरी चालतंय."

हे एवढंच तिला हवं होतं. वर्गात एक जागा, माझ्या शेजारची.

शाळेचं मैदान म्हणजे त्या साली नुसता फुफाटा. पोरं बसायला लागली की धूळ उठायची आणि खाजाभाई कातावायचे. "गुरुजी, पहले मिट्टी बिठाव! ऐसे में क्या फोटू आता? सब धुवां-धुवां दिखते." झालं. मोठ्या गुरुजींनी हुकूम सोडला, मोठ्या पोरींनी घरून एकेक घागर आणा आणि सडा टाका. दुष्काळात सडा! ज्या गावात म्हशी कवडीमोलानं बाजारात गेल्या, ज्या गावात पाहुणा आला की माणसं पाण्याच्या तांब्याकडं बघून कसनुशी व्हायची, त्या गावात फोटो स्वच्छ यावा म्हणून जमिनीवर पाणी ओतायचं. कुणी एक शब्द बोललं नाही. गुरुजींना कोण बोलणार? ज्यांच्या घरात साठवलेलं होतं त्या पोरी आयांच्या शिव्या खाऊन घागर घेऊन आल्या. आमच्या घरात नव्हतं. अक्का विहिरीवर गेली, ओढून आणलं, ओतलं. जमिनीनं एका घोटात ते पिऊन टाकलं.

खुर्च्यांपुढचा एक तुकडा कोरडा राहिला होता. नेमका तिथून खाजाभाईंना धूळ उठताना दिसत होती. गुरुजींनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "सुमे, तू जा. तुझी पावलं लांब पडतेत. एक खेप आन. तवर आमी बसून घेतो."

इतक्या पोरी होत्या. विहिरीला लागून घर असलेल्या होत्या. पण सुमे, तू जा.

अक्का गेली. आम्हाला बसवायला सुरुवात झाली. मागं बाकावर उंच पोरं, त्यांच्या पुढं उभी, मग खुर्च्यांवर गुरुजी मंडळी, पुढं सतरंजीवर मुली आणि ठेंगणी पोरं. हात गुडघ्यावर. पाय मागं घ्या, दिसता कामा नयेत. कारण पायांना भेगा होत्या, आणि नव्या जिल्ह्याला भेगा दाखवायच्या नव्हत्या. मी माझ्या शेजारी अक्कासाठी जागा धरून बसले. खाजाभाई फडक्यातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "वो बीच में खाली दिखरा." गुरुजी म्हणाले, "सरका, सरका. दात पडल्यावानी दिसायलंय." मी म्हणाले, "गुरुजी, अक्काची जागा हाय." ते म्हणाले, "ती यीपर्यंत ऊन डोक्यावर यील. सरक." मागून कुणीतरी ढकललं आणि जागा बुजली.

आणि तेवढ्यात ती आली. फाटकात. डोक्यावर घागर, तोंड उन्हानं काळवंडलेलं, वेणीतली अर्धी रिबीन सुटून खांद्यावर आलेली. पळतच आली असणार. तिनं आत पाऊल टाकलं आणि गुरुजी खुर्चीतूनच ओरडले, "थांब थितंच! धुरळा उडंल!"

ती थांबली. भरल्या घागरीसकट, एक हात घागरीला लावून, जिथं होती तिथं. खाजाभाईंनी "हिलू नक्को, हिलू नक्को" केलं आणि कॅमेऱ्यानं आवाज केला. अख्ख्या शाळेत त्या क्षणी सगळ्यात स्थिर कुणी उभं असेल तर ती. आणि ती फोटोत नाही.

मी म्हटलं, गुरुजी, आणखी एक काढा की. खाजाभाई सामान बांधायला लागले होते. गुरुजी म्हणाले, "एका पोरीसाटी समद्याला पुना बसवू का?" अक्का घागर घेऊन तशीच उभी होती. आता सड्याचं काम उरलं नव्हतं. ती वर्गाच्या व्हरांड्यातल्या माठाकडं वळली. इतक्या लांबून आणलेलं पाणी वाया कशाला घालवायचं, एवढाच तिचा विचार. गुरुजी म्हणाले, "आगं, तिकडं नको. लिंबाच्या आळ्यात वत."

माठात का नको ते आम्हाला सातवीत कळत होतं. सडा चालत होता. कडुलिंबाला चालत होतं. तिनं घागर लिंबाखाली रिकामी केली, उलटी करून शेवटचा थेंब झटकला, आणि आम्ही दोघी घरी आलो. घरी आल्यावर रिबीन सोडली, गुंडाळून फळीवर ठेवली आणि चुलीपुढं बसली.

मला अपराधी वाटतं असं काही मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्याला ते बरं वाटतं, लिहिणाऱ्यालाही डोळे पुसून मोकळं होता येतं. माझा त्यात काही दोष नव्हता. मी पोर होते, जागा धरून बसले होते, मला ढकललं. मला राग येतो, एवढंच. इतकी वर्षं झाली, संसार झाला, नोकरी झाली, रिटायर व्हायला आले, पण तो राग जिथल्या तिथं आहे.

त्या फोटोची एक प्रत आमच्या घरी आली. तिच्यात सगळे समोर बघतायत, मी सोडून. माझे डोळे डावीकडं, फाटकाकडं आहेत. बघणारे विचारतात, हिचं लक्ष कुठंय? अक्का तिथं होती याचा त्या अख्ख्या फोटोत तेवढाच पुरावा आहे, आणि तो कुणाला वाचता येत नाही.

जूनमध्ये पुढची शाळा औशाला होती. एसटीनं जायचं. घरात पाणी भरायला एकजण राहणं भाग होतं, आणि ते एकजण कोण हे कुणी बसून ठरवलंसुद्धा नाही. एका सकाळी मी पिशवी घेऊन फाट्यावर गेले आणि ती घागर घेऊन विहिरीवर. आई तेवढी एकदा दादांना म्हणाली, "हुशार हाय वो पोरगी." दादा म्हणाले, "पाऊस पडू दे. पुढल्या साली घालू." पुढच्या साली पाऊस पडला. अक्काला भोकरकडचं स्थळही आलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. त्या पावसाबद्दल लोक अजून गोड बोलतात. मला मात्र तो अजून आवडलेला नाही.

गेल्या वर्षी लातूरला एका लग्नाला गेले होते. जेवायला एका नव्या हॉटेलात नेलं. पिवळे दिवे, विटांच्या न गिलावलेल्या भिंती, आणि त्या भिंतीवर ओळीनं लावलेले जुने शाळांचे फोटो. चौकटी नव्या, फोटो जुने. मी ताट सोडून उठले आणि एकेक बघत गेले. कुठल्या तरी शाळेची चौथी. कुठल्या तरी बोर्डिंगची मुलं, टक्कल केलेली, गुडघ्यावर हात. एका मुलीच्या फ्रॉकची बटणं तुटलेली, तिनं हातानं गळा धरून ठेवलेला. मी तिथल्या मॅनेजरला विचारलं, ही कुणाची मुलं? तो अदबीनं म्हणाला, "माहीत न्हाई म्याडम. भंगारात मिळाले, शोभेला लावलेत. लोकांना जुनं आवडतंय." म्हणजे आधी नव्या जिल्ह्याच्या शोभेला, आता पनीरच्या शोभेला! गळा धरून बसलेल्या त्या पोरीपुढं माणसं रोट्या मोडत होती. मी मॅनेजरला तिथंच चार शब्द सुनावले. मुलगा म्हणाला, आई, तुला कुठंही नेलं तरी भांडण काढतेस. काढते. मला नेऊ नका.

आणि यंदा तो मोबाईलवरचा ग्रुप निघाला. 'आमची सातवी'. काढला मन्मथनं. मन्मथ आमच्या वर्गात होता, आता लातूरला आडत दुकान आहे. माणूस मनानं चांगला, वर्गातसुद्धा आपल्या डब्यातली गुळपोळी मोडून द्यायचा. त्यानं शाळेतून तो फोटो मिळवला, मोबाईलवर टाकला आणि पुढं 'ओळखा पाहू' लिहिलं. मग काय, आनंदीआनंद. काय ते दिवस! मोठे गुरुजी देवमाणूस! एकानं लिहिलं, 'तेव्हा बघा, जात नाही पात नाही, सगळी लेकरं एका सतरंजीवर.' त्याखाली हात जोडल्याची चित्रं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं, 'सतरंजी दिसते, माठ दिसत नाही.' कुणालाच कळलं नाही. एकानं लिहिलं, 'ताई, माठाच्या पाण्याची सर फ्रीजला येत नाही.'

शाळेत स्नेहमेळावा ठरला. मन्मथनं यादी टाकली. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. अक्काचं नाव नव्हतं. फोन केला.

"मन्मथ, सुमन राहिली यादीत."

"सुमन म्हंजी तुमच्या अक्का?" तो म्हणाला. "त्या आपल्या वर्गात हुत्या का सुनंदाताई? आमी यादी फोटोवरूनच केली. फोटोखाली नावं हायत न्हवं. त्यात त्या न्हाईत. मला वाटलं, चौथीतच शाळा सोडली त्यांनी."

"तुला काळ-काम-वेग कुणी शिकवलं?"

तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "आरं देवा. हाव की. त्याच की." आणि लगेच, "आना की त्यांना. आवर्जून आना. माझं चुकलंच."

चुकलं कसलं! चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात मला रस नाही. मन्मथ चुकला नव्हता. सगळं गाव असंच मानत आलं होतं, की जे फोटोत आहे तेच झालं. अक्का सातवी शिकली, परीक्षेला बसली, पास झाली. पण एका सकाळी ती शाळेसाठी पाणी आणायला गेली, एवढ्यावर तिची अख्खी सातवी पुसली गेली.

मी अक्काला फोन लावला. ती भोकरला असते. शाळेचे गणवेश शिवते. यजमान गेल्यापासून तेच. फोनवर मागं मशीनचा आवाज चालू होता.

"काय करायलीस?"

"काय करनार, निरोपाचे ब्लाऊज आलेत पोरींचे. समद्याला साडी नेसून फोटो काढायचाय. बोल."

मी सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज चढला. ती म्हणाली, "आगं, जाऊ दे की. किती चिडून राहिलीस. फोटोत न्हाई तर न्हाई. त्यांनी तरी कुठून आठवावं?" मशीन पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, विषय संपला. मग मशीन थांबलं.

"मी पास झाल्ते," ती म्हणाली. "गनितात पैला नंबर हुता माझा."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत हाय गं." पलीकडं कात्रीनं दोरा तोडल्याचा आवाज आला. "कवा हाय म्हनालीस ते?"

तर आम्ही गेलो. भोकरहून ती नांदेडला आली आणि दोघी मिळून लातूर, औसा करत गावाला. ती नवी साडी नेसली होती, अबोली रंगाची, ब्लाऊज स्वतः शिवलेलं. शाळेची इमारत आता सिमेंटची, लिंब मात्र तोच, चांगला डेरेदार. फाटकातून आत जाताना मी तिच्याकडं बघितलं. ती सरळ आत गेली, कुठंही न थांबता.

स्वागताला मांडव होता. स्टेजमागं तो फोटो मोठा करून फलकावर छापलेला. एकेक डोकं कलिंगडाएवढं. आणि दारातच एकजण सगळ्यांच्या गळ्यात बिल्ला घालत होता. बिल्ल्यावर प्रत्येकाचा सातवीतला चेहरा, त्या फोटोतून गोल कापून काढलेला. माझ्या गळ्यात माझा आला, फाटकाकडं बघणारा. अक्का पुढं झाली तसा तो गडबडला. खोक्यात हात घातला, खालवर केलं. मन्मथ धावत आला. "अक्का, बिल्ला न्हाई वो झाला. फोटोच न्हाई तर कुठून... तुमी बसा, पुढं बसा." त्याचा चेहरा खरंच उतरला होता. अक्का म्हणाली, "असू दे भाऊ. माझं तोंड हाय माझ्याजवळ." लोक हसले. मला हसू आलं नाही.

भाषणं झाली. मोठ्या गुरुजींच्या तसबिरीला हार घातला. दुष्काळातसुद्धा गुरुजींनी मैदानावर सडा टाकून घेतला होता, अशी त्यांची आठवण एकानं सांगितली. सौंदर्यदृष्टी म्हणे! पाणी कुणी आणलं हे त्याच्या आठवणीत नव्हतं. मी उठायला लागले, अक्कानं माझा पदर धरून खाली ओढलं.

मग जेवणं, आणि मग फोटो. जुन्या जागेवर बसायचं ठरलं. तशीच सतरंजी, तशाच खुर्च्या, मागं बाक. मधल्या खुर्चीवर गुरुजींची तसबीर. वर्गातले जे वारले त्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या आणि प्रत्येक जागेवर एक झेंडूचं फूल ठेवलं. हे सगळं अगदी मनापासून चाललं होतं, कुणाचे डोळे भरून आले होते. ज्यांचे गुडघे वाकत नव्हते ते मित्राचा हात धरून सतरंजीवर टेकले. मेलेल्यांना जागा होती. माझ्या शेजारी मात्र कुणी 'सरका' म्हटलं नाही. अक्का बाजूला लिंबाच्या सावलीत उभी होती.

मागच्या ओळीतून दत्ता खाली उतरला. हा आमच्या वर्गातलाच, एसटीत कंडक्टर होता. सरळ अक्काकडं गेला आणि हातातला मोबाईल पुढं केला.

"अक्का, तुमी मोकळ्याच हाव. जरा आमचा फोटो काढा की. हितं दाबायचं."

मी उठलेच. इतक्या वर्षांचं सगळं जिभेवर आलं होतं, सडा, माठ, रिबीन, सगळं. एकालाही सोडणार नव्हते. पण अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि हातानंच बस म्हणाली. तिनं मोबाईल घेतला. चष्मा नीट केला. सावलीतून बाहेर आली आणि आमच्यासमोर उन्हात उभी राहिली.

"समदे बसलाव का?"

"बसलाव, बसलाव! काढा!"

ती मागं सरकली नाही. पुढं आली, अगदी सतरंजीच्या कडेपर्यंत. आणि आमच्याकडं पाठ केली. आम्हाला तिचा अंबाडा दिसला. तिनं कॅमेरा उलटा फिरवला, हात लांब करून मोबाईल वर धरला, मान किंचित कलती केली. तिच्या खांद्यावरून मला त्या छोट्या काचेत दिसलं. पुढं अक्काचा चेहरा, अख्खी काच भरून, आणि मागं तिच्या कानाशी, खांद्याशी आम्ही सगळे, गुरुजींच्या तसबिरीसकट. तिनं दाबलं. मग पुन्हा एकदा दाबलं.

मन्मथनं मान खाली घातली होती. अक्कानं वळून मोबाईल दत्ताच्या हातात दिला. त्यानं तो डोळ्याजवळ नेला, बोटांनी मोठं करून बघितलं.

"अक्का," तो म्हणाला, "आमी तर लई बारीक दिसायलाव वो ह्यात."

"दिसू दे की," अक्का म्हणाली. "फोटोत तर हाव न्हवं?"